बारा अक्षरांचा पत्ता

२०१९ च्या दिवाळीआधी पंधरा दिवस मी मिरजेच्या घरी गेलो आणि आईच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज ७ पुसून विंडोज १० टाकलं. जानेवारी २०२० नंतर ७ ला सुरक्षेचे अपडेट मिळणार नव्हते, एवढंच कारण. आई कोल्हापूरच्या एका छापखान्यासाठी घरी बसून मराठी टायपिंग करते. दिवाळी अंकांचे दोन महिने म्हणजे तिच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा वाटा. त्या रात्री एका अंकाच्या हस्तलिखितांचे स्कॅन ड्राइव्हवर येऊन पडले होते, जवळपास एक जीबी. ते उतरवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिला फर्मा टाइप करून परत पाठवायचा होता.

रात्री साडेनऊला विंडोज बसलं. खाली कोपऱ्यात नेटचं चिन्ह, त्यावर फुली.

"तू हात लावायच्या आधी चालू होतं," आई म्हणाली. या वाक्याला जगात उत्तर नाही.

आमच्याकडे वायफाय नव्हतं. जिन्यातल्या पेटीतून निघालेली निळी वायर खिडकीच्या भोकातून सरळ कॉम्प्युटरच्या पाठीत जायची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अशी वायर कधी हातातही धरली नसेल. तिच्या टोकाच्या खोबणीत दोन बारीक दिवे असतात. ते लुकलुकत होते. म्हणजे वायर तुटलेली नाही आणि पलीकडे पेटीत वीज आहे. हे दिवे विंडोजला विचारून लागत नाहीत. ते इकडचं कार्ड आणि तिकडचा स्विच यांच्यातलं बोलणं.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळ्या त्रिकोणाशेजारी लिहिलं होतं, इथरनेट कंट्रोलर. ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर नेटवरून घ्यायचा, आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा. यावर तुम्हाला माहीत असलेला उपाय केला: फोन यूएसबीने जोडून त्याचा डेटा कॉम्प्युटरला दिला. आमच्या तळमजल्यावर सिग्नलची एकच दांडी. दहा-बारा एमबीचा ड्रायव्हर यायला अर्धा तास लागला, आणि तोवर विंडोजने मला न विचारता मागच्या दाराने स्वतःचे अपडेट ओढायला सुरुवात केली. ते लक्षात येईपर्यंत दिवसाचा दीड जीबी संपत आला होता. स्कॅन फोनवरून उतरवायचा विचार तिथेच मिटला.

तो पिवळा त्रिकोण बघत बसलो असताना 'इथर' हा शब्द मला पहिल्यांदा खटकला. एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटायचं की प्रकाशाला प्रवास करायला काहीतरी माध्यम लागत असणार, सगळीकडे भरून राहिलेलं, न दिसणारं. त्याचं नाव ईथर. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला त्याचा माग काढायचा प्रयोग केला आणि काहीच सापडलं नाही. भौतिकशास्त्राने पुढे ती कल्पना सोडून दिली. २२ मे १९७३ ला कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या पार्क या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं, आणि त्यात हा टाकून दिलेला शब्द उचलला. त्यांचं ईथर म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांमधून जाणारी एकच जाड केबल. कोणीही तिच्यात बोलायचं, सगळ्यांना ऐकू येणार, आणि ज्याच्यासाठी आहे त्याने घ्यायचं.

कल्पनेचा अर्धा भाग हवाईतून आला होता. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली होती. दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचं वाया जायचं. मग प्रत्येकाने आपापला, कमीजास्त वेळ थांबून पुन्हा बोलायचं. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी यात भर घातली: आधी ऐकायचं, दुसरं कोणी बोलत नसेल तर तोंड उघडायचं, आणि तरीही टक्कर झाली तर लगेच गप्प व्हायचं. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावायला हवा. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता.

ड्रायव्हर बसला. फुली गेली आणि तिच्या जागी पिवळा त्रिकोण आला. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा.

हे दोन आकडे लक्षात ठेवा, कधीतरी उपयोगी पडतील. कॉम्प्युटर जाळ्यात आला की तो आधी ओरडून विचारतो, मला कोणी पत्ता देईल का? पलीकडचा सर्व्हर उत्तर देतो. ही रीत डीएचसीपी या नावाने १९९३ मध्ये लिहून काढली गेली. त्याआधी बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्राचा पत्ता माणूस हाताने भरायचा. ओरडून ओरडून कोणीच उत्तर दिलं नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता घेऊन बसतं. हा पत्ता घेऊन घराबाहेर जाता येत नाही. म्हणजे आमचं यंत्र बोलत होतं, वायर ठीक होती, पण पलीकडचा मुद्दाम गप्प होता.

वायर काढून पुन्हा लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. विश्वास नसला तरी हे करावं लागतं. आई मागे खुर्चीत बसून एकही शब्द बोलत नव्हती, ते जास्त अवघड होतं.

अकराच्या सुमारास केबलवाल्याच्या माणसाने फोन उचलला. त्याने बाबांचं नाव घेऊन विचारलं, त्यांच्याच नावावर आहे ना? मग म्हणाला, "मशीन बदललंय काय? इथं कार्डाचा नंबर दुसरा दिसतोय. शेवटी ४-ए-सी-१ पाहिजे." मी बघितलं. आमच्या कार्डाचा शेवट वेगळाच होता. "मग नवीन नंबर चढवायला लागतंय. ऑफिस दहाला उघडतंय. आणि ज्यांच्या नावावर आहे त्यांनी येऊन सही करायला लागती ओ."

बाबा २०१६ मध्ये गेले. मी फक्त बरं म्हणालो.

तो ज्याला कार्डाचा नंबर म्हणत होता तो मॅक ॲड्रेस. बारा अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. मेटकाफ यांच्या प्रायोगिक जाळ्यात पत्ता फक्त आठ बिटांचा होता, म्हणजे २५६ आकडे. एका इमारतीतल्या एका केबलसाठी पुष्कळ. पण १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून सेकंदाला १० मेगाबिटचं इथरनेट सगळ्यांसाठी जाहीर केलं, तेव्हा तो पत्ता एकदम ४८ बिटांचा झाला. ही उडी का घेतली याचं स्पष्टीकरण १९८१ च्या एका निबंधात आहे. तो योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी लिहिला. दलाल मुंबईच्या आयआयटीतून शिकून स्टॅनफर्डला गेलेले. डिसेंबर १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्याबरोबर त्यांनी टीसीपीचा पहिला आराखडा लिहिला, आणि त्या कागदात 'इंटरनेट' हा शब्द आहे. पवईतल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल, मला शंका आहे. मला तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं.

प्रश्न असा होता. प्रत्येक जाळ्याने आपल्यापुरते क्रमांक वाटले, तर यंत्र एका इमारतीतून दुसरीकडे नेलं की क्रमांक बदलायचा. कुणीतरी वही ठेवायची. वहीत चूक झाली आणि दोन यंत्रांना एकच क्रमांक गेला, तर दोन्ही घोटाळ्यात. त्यापेक्षा क्रमांक इतका मोठा घ्या की जगातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा पुरेल. ४८ बिटांत २८१ लाख कोटींहून जास्त क्रमांक बसतात. पहिला अर्धा भाग बनवणाऱ्या कंपनीचा, उरलेला अर्धा कंपनीने एकेका कार्डाला द्यायचा, एका गठ्ठ्यात सुमारे १ कोटी ६७ लाख. कारखान्यातच कार्डावर कोरा, मग ते जगात कुठेही जोडा. वही नको, परवानगी नको, कारकून नको.

आपल्याकडे मात्र कारकून आलाच. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते टेलिफोनच्या तारेवरून, नाव आणि पासवर्ड देऊन. पुढे ज्या पोरांनी नव्वदच्या दशकात गच्चीगच्चीवरून टीव्हीची केबल ओढली होती, त्यांच्यातल्या काहींनी त्याच गच्च्यांवरून नेटची वायर ओढली. जिन्यात पेटी, पेटीत स्विच. आता पैसे कोणी भरले आणि कोणी शेजाऱ्याची वायर आपल्या यंत्रात खुपसली, हे कळणार कसं? हाताशी एक आयता क्रमांक होता, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला. तो वहीत लिहून घ्यायचा. वहीतल्या कार्डाने विचारलं तरच सर्व्हर पत्ता देणार. यंत्राला कुठेही मोकळं फिरता यावं म्हणून केलेल्या क्रमांकाचं असं रेशनकार्ड झालं. मला यात केबलवाल्याचा दोष दिसत नाही. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

पण आमचं यंत्र तर बदललं नव्हतं. कालपर्यंत याच यंत्रावर नेट चालू होतं. मग ४-ए-सी-१ कोण?

कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खालच्या खणात बाबांचा जुना माल होता: मोडेमचा ॲडॉप्टर, फ्लॉपीची डबी, हमीची कार्डं. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक हिरवं लॅन कार्ड निघालं. त्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवर बारा अक्षरं होती आणि शेवट ४-ए-सी-१.

मग आठवलं. हे २००७ च्या पहिल्या कॉम्प्युटरमधलं कार्ड. २०१४ मध्ये मदरबोर्ड जळला, नवीन घेतला, त्यावर लॅन आधीच होतं म्हणून हे काढून ठेवलं. तेव्हाही नेट अडलं होतं. केबलवाल्याचा एक मुलगा आला होता आणि बाबांनी हे कार्ड त्याच्यासमोर धरलं होतं. ऑफिसात जाऊन नंबर बदलण्याऐवजी त्याने इथेच बसून काहीतरी टाइप केलं, चहा घेतला आणि गेला. त्याने विंडोजला सांगितलं होतं की विचारलं तर जुन्या कार्डाचा नंबर सांग. पाच वर्षं आमचं यंत्र तेच सांगत होतं. मी विंडोज पुसलं तेव्हा ते खोटंही पुसलं.

हे खोटं बोलण्याची सोय नियमातच आहे. पुढे आयईईईने पत्त्यातल्या एका बिटाला अर्थ दिला: हे कारखान्याने दिलेलं नाही, माणसाने ठरवलेलं आहे. त्या मुलाने तीही खूण केली नव्हती, सरळ नक्कल मारली होती. आणि तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो बहुधा हेच करतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून, वायफायला जोडताना फोन खऱ्या क्रमांकाऐवजी मनाने बनवलेला क्रमांक सांगतो, दुकानादुकानातून कोणी तुमचा माग काढू नये म्हणून. वायफायच्या सेटिंगमध्ये खाली जाऊन बघा. तुमचा फोन निदान ती खूण तरी करतो.

ड्रायव्हरच्या ॲडव्हान्स्ड पानावर 'नेटवर्क ॲड्रेस' अशी ओळ सापडली. समोर लिहिलं होतं, नॉट प्रेझेंट. चष्मा लावून आईने चिकटपट्टीवरची अक्षरं एकेक वाचली, मी भरली. एकदा तिने आठाला बी वाचलं, ते पुन्हा केलं. ओके दाबलं. दिवे क्षणभर विझले आणि लागले. त्रिकोण गेला. तेव्हा बारा वाजून गेले होते. स्कॅन उतरायला अडीच वाजले. पाचला मला जाग आली ती कीबोर्डच्या आवाजाने.

दहा वाजता केबलवाल्याचा फोन आला, नवीन नंबर चढवायचा होता ना म्हणून. आईने घेतला. "नको. चालू आहे," म्हणाली, आणि कनेक्शन तिच्या नावावर करायचं का, असं त्याने विचारलं असावं, कारण ती थोडं थांबून म्हणाली, "दिवाळीनंतर बघू."

ती बारा अक्षरं मी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहिली आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवली. कार्ड परत वर्तमानपत्रात गुंडाळून खणात ठेवलं.