मत्स्यसाठ्यांचे जीवविज्ञान

मत्स्यसाठ्यांचे जीवविज्ञान : एखाद्या समुद्रविभागातील वा जलाशयातील माशांच्या एकाच जातीचा, आपसांत प्रजनन करणारा जो समुदाय मासेमारीखाली असतो, त्यास मत्स्यसाठा म्हणतात. अशा साठ्यात दरवर्षी नव्या माशांची भर किती पडते, ते किती वेगाने वाढतात, नैसर्गिक कारणांनी किती मरतात आणि जाळ्यात किती सापडतात, यांचा अभ्यास करणारी ही प्राणिविज्ञानाची उपयोजित शाखा आहे. तिचा इतिहास सु. दीडशे वर्षांचा असून तो मुख्यतः एकाच प्रश्नाभोवती फिरतो : मासळी घटली, तर कारण मासेमारी की समुद्र?

एकोणिसाव्या शतकात बहुतेक विद्वानांना हा प्रश्नच निरर्थक वाटे. इंग्रज जीववैज्ञानिक टॉमस हेन्री हक्सली यांनी १८८३ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय मत्स्योद्योग प्रदर्शनात बोलताना मोठी सागरी मत्स्यक्षेत्रे बहुधा अक्षय असावीत, असे मत मांडले. या मताबद्दल त्यांचा पुढे पुष्कळ उपहास झाला. पण तो सर्वस्वी न्याय्य नाही. हक्सली तत्कालीन मासेमारीच्या पद्धतींविषयी बोलत होते. कालवे आणि नद्यांत चढणारे सामन मासे संपुष्टात येऊ शकतात, हे त्यांना मान्य होते. मात्र त्याच दशकात वाफेवर चालणारी ट्रॉल जहाजे उत्तर समुद्रात उतरली आणि त्यांच्या विधानाचा आधारच ढासळू लागला. १९०२ मध्ये कोपनहेगन येथे समुद्राच्या समन्वेषणासाठी आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्यामागे मासळीच्या घटीविषयीची ही चिंता होती.

नॉर्वेचे यूहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने या शाखेस खरी दिशा दिली. हेरिंग माशाच्या खवल्यांवर झाडाच्या बुंध्यातल्यासारखी वार्षिक वलये असतात. ती मोजून वय ठरविता येते. या रीतीने पाहता १९०४ साली जन्मलेली हेरिंगची एकच पिढी पुढे अनेक वर्षे नॉर्वेच्या पकडीत बहुसंख्य असल्याचे आढळले. मादी हजारो, काही जातींत लाखो अंडी घालते. परंतु त्यांतून किती पिले जगतील, हे जन्मानंतरच्या काही आठवड्यांतच पुष्कळसे ठरते. म्हणजे मासेमारी मुळीच वाढली नाही तरी मासळी कमी-जास्त होऊ शकते. याउलट पहिल्या महायुद्धात उत्तर समुद्रातील मासेमारी बरीचशी बंद राहिली आणि युद्धानंतर जहाजांना प्लेस नावाच्या चपट्या माशाची पकड पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक, तीही मोठ्या आकाराची मिळाली. कोणी न योजलेल्या या प्रयोगाने मासेमारीचा परिणाम सिद्ध झाला. दोन्ही कारणे खरी ठरल्यावर ती वेगळी कशी मोजावी, हा प्रश्न गणिताकडे गेला. रशियातील बारानॉफ (१९१८), ब्रिटनमधील रसेल (१९३१) आणि विशेषतः बेव्हर्टन व होल्ट (१९५७) यांच्या कार्यातून किती मासे धरले असता साठा टिकेल, हे वर्तविणारी समीकरणे तयार झाली.

या समीकरणांची कठोर कसोटी कॅनडाच्या न्यू फाउंडलंड बेटापाशी लागली. जॉन कॅबट यांच्या १४९७ च्या सफरीपासून तेथील कॉड मासा यूरोपला ठाऊक होता आणि साडेचार शतके गळ व लहान नौका यांनी तो धरला गेला. १९५० नंतर मासे धरून जहाजावरच गोठविणारी कारखानावजा ट्रॉल जहाजे अनेक देशांतून येऊ लागली. १९६८ मध्ये पकड सु. ८ लाख टनांवर गेली व दहा वर्षांत दीड लाख टनांच्याही खाली आली. कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत अधिकार प्रस्थापित करून परकी जहाजांना बव्हंशी दूर केले आणि साठा पुन्हा भरेल अशा अपेक्षेने स्वतःचा जहाजताफा वाढविला.

चूक मोजमापात होती. समुद्रात किती मासे आहेत, याचा अंदाज अंशतः ट्रॉल जहाजांना तासाला किती मासे मिळतात यावरून बांधला जाई. परंतु कॉड मासे थवे करून राहतात. संख्या घटली तरी उरलेले दाटीनेच एकत्र येतात, आणि ध्वनिलहरींच्या साहाय्याने थवा नेमका हुडकणाऱ्या जहाजाची पकड अखेरपर्यंत भरघोस राहते. किनाऱ्यालगत मासे धरणाऱ्या लहान नावाड्यांना मासळी कमी व बारीक येत असल्याचे जाणवले होते. ते तसे सांगतही होते. पण त्यांच्या सांगण्यास आकड्यांचे रूप नसल्याने त्यास फारसे वजन मिळाले नाही. १९८९ मध्ये वैज्ञानिकांनी अंदाज सुधारून पकड सु. १,२५,००० टनांवर आणावी असे सुचविले, तेव्हा शासनाने २,३५,००० टनांची मर्यादा घातली. रोजगाराची चिंता त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली तेव्हा मच्छिमार व मासळी-कारखान्यांतील कामगार मिळून सु. ३०,००० लोकांचा रोजगार गेला. त्या सुमारास पाणी असाधारण थंड झाले होते आणि कॉडचे खाद्य असलेला कॅपेलिन मासाही घटला होता. त्यामुळे ऱ्हासात समुद्राचा वाटा किती, याविषयी वाद राहिला. प्रारंभी दोन वर्षांपुरती जाहीर झालेली बंदी २०२४ मध्ये, बत्तीस वर्षांनी, १८,००० टनांच्या मर्यादेसह उठली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील तारली या माशाने नेमका उलट धडा शिकविला आहे. हा मासा वर्षभरातच जननक्षम होतो, पावसाळ्यात अंडी घालतो व जेमतेम अडीच वर्षे जगतो. त्यामुळे एक-दोन हंगाम बिघडले की साठा कोसळतो, अनुकूल आले की भरतो. जेम्स हॉर्नेल यांनी १९१० च्या सुमारासच या चढउतारांकडे लक्ष वेधले होते. केरळात २०१२ मध्ये सु. ४ लाख टन मिळालेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांहूनही कमी झाली आणि २०२३ मध्ये लाखावर टनांनी परतली. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नमुना-पद्धतीने मोजणी करते, म्हणूनच असे आकडे उपलब्ध आहेत. येथे वय ठरविणे मात्र कठीण जाते. उष्ण कटिबंधात हिवाळ्यामुळे वाढ थांबत नसल्याने खवल्यांवरील वलये अस्पष्ट असतात, म्हणून लांबीवरून अनुमान करावे लागते.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात दर्या बंद ठेवून नारळी पौर्णिमेनंतर नौका लोटण्याची कोळ्यांची चाल जुनी आहे. तीमागे वादळाचे भय होतेच, पण अनेक जातींच्या प्रजननकाळास तिने संरक्षण दिले. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमान्वये अशा बंदीस कायद्याचा आधार मिळाला. २०२३ मध्ये राज्याने पापलेटासह ५४ जातींच्या माशांची पकडण्यायोग्य किमान लांबीही ठरवून दिली. या नियमाची खरी अडचण जाळ्यात आहे. डोल किंवा ट्रॉल जाळ्यात बोंबील, कोळंबी आणि पापलेटाची पिले एकत्रच येतात आणि निवड करण्यासाठी ती नौकेवर ओतली जातात तोवर पिले बहुधा मेलेली असतात; त्यामुळे लांबीच्या नियमाइतकेच जाळ्याच्या आसाचे माप महत्त्वाचे ठरते. [⟶ मत्स्योद्योग, मासे].