लेसची सावली आणि अमूर्त छायाचित्र

कॅमेऱ्याविना, केवळ प्रकाश आणि कापड यांच्या आधारे प्रतिमा घडवण्याची रीत सामान्यतः विसाव्या शतकातील अमूर्त कलेची देणगी मानली जाते. परंतु तिचे मूळ इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील लेकॉक ॲबी या वास्तूत, विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३४ पासून केलेल्या प्रयोगांत सापडते.

टॅल्बट उत्तम प्रतीचा लिहिण्याचा कागद मिठाच्या सौम्य पाण्यात भिजवीत, तो टिपून कोरडा केल्यावर त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण कुंचल्याने चढवीत. या दोहोंपासून कागदात तयार होणारे सिल्व्हर क्लोराइड उन्हात काळवंडते. त्यामुळे त्यावर लेसचा, म्हणजे सुताच्या नाजूक जाळीकामाचा, तुकडा ठेवून वरून काचेने दाबला की छिद्रांतून ऊन पोहोचलेली जागा काळी पडे आणि धाग्यांखालची पांढरी राही. लेस सपाट असल्याने ती कागदाला बिलगून बसे आणि एकेक धागा रेखीव उमटे. कापड जरा उचलले गेले असते, तर प्रकाश त्याखाली शिरून कडा पुसट झाल्या असत्या.

जानेवारी १८३९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात टॅल्बट यांनी नोंदवले आहे, की अशी प्रतिमा काही फुटांवरून दाखवली असता पाहणाऱ्यांनी ती प्रत्यक्ष लेसच असल्याचे ठामपणे सांगितले. पुढे १८४४ ते १८४६ या काळात खंडशः निघालेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या ग्रंथातील विसावे चित्र लेसचेच होते आणि त्याची प्रत्येक प्रत त्या लेसवरून थेट घेतलेली निगेटिव्ह, म्हणजे छायाप्रकाश उलटे असलेली प्रतिमा होती. कोणत्याही चित्रग्रंथात वस्तू आणि वाचक यांच्यात इतके कमी अंतर क्वचितच राहिले असेल. मात्र टॅल्बट यांना हवी होती ती नक्षीची हुबेहूब नक्कल.

हा हुबेहूबपणाचा आग्रह १९१९ मध्ये जिनिव्हात क्रिस्तियान शाड या जर्मन चित्रकाराने सोडला. त्यांनी चिंध्या, कागदाचे कपटे असा टाकाऊ माल उन्हातच काळवंडणाऱ्या छायाचित्र-कागदावर मांडला आणि तयार प्रतिमांच्या कडा वेड्यावाकड्या कापून चौकटीची शिस्तही मोडली. रासायनिक तत्त्व टॅल्बट यांचेच होते. बदलला तो हेतू, आणि म्हणूनच शाड यांचे पाऊल अधिक धाडसाचे मानावे लागते, जरी प्रसिद्धी १९२२ मध्ये पॅरिसमध्ये मॅन रे यांना आणि बर्लिनमध्ये लुसिया व लास्लो मोहोली-नॉज या दांपत्याला अधिक लाभली.

या पद्धतीच्या प्रतिमांना फोटोग्राम हे नाव रूढ झाले. अंधारखोलीत विजेचा दिवा हाताशी आल्यावर कापड सपाट ठेवण्याचे बंधन उरले नाही: दिवा तिरपा धरला, मध्येच हलवला किंवा पातळ वस्त्राची एक घडी दुसरीवर आणली, की टॅल्बट ज्या पुसट कडा टाळू पाहत होते त्याच करड्या छटांच्या थरांनी प्रतिमेला खोली येऊ लागली.