दोन ध्वजांखालचा खेळाडू

एकाच माणसाने दोन देशांकडून खेळावे, ही गोष्ट ऐकावयास चमत्कारिक वाटते. परंतु इतिहासाला ती नवी नाही. लुइस मोंती हा फुटबॉलपटू विश्वचषकाचा अंतिम सामना १९३० साली अर्जेंटिनाकडून आणि १९३४ साली इटलीकडून खेळला व पुढे प्रशिक्षक झाला. मोंती आपण होऊन समुद्रापार गेला. आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्या क्रिकेटपटू गुल महंमदांची जन्मभूमी मात्र जागची न हलताच परदेश झाली.

गुल महंमदांचा जन्म १९२१ साली लाहोरास झाला. त्या काळी क्रिकेटला संस्थानिकांचा आधार असे. गायकवाडांच्या बडोद्याने या ठेंगण्या, डावखुऱ्या फलंदाजास आपल्या संघात घेतले. मार्च १९४७ मध्ये बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाशी झाला. यजमानांचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले होते. तेव्हा सांगलीचे विजय हजारे आणि गुल महंमद यांची जोडी जमली. दोघांनी ५७७ धावांची भर घातली. हजाऱ्यांच्या २८८, गुल महंमदांच्या ३१९. बडोदे एक डाव व ४०९ धावांनी जिंकले. त्या भागीदारीचा विक्रम २००६ सालापर्यंत अबाधित राहिला.

या सामन्यानंतर पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. तरीही गुल महंमद भारताकडून खेळत राहिले. १९४७-४८ साली ते भारतीय संघातून ऑस्ट्रेलियास गेले. १९५२ साली पाकिस्तानचा संघ प्रथमच येथे आला, तेव्हा बडोद्याचेच जुने सहकारी अमीर इलाही पलीकडून आणि गुल महंमद अलीकडून खेळले! पुढे गुल महंमदांनी पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले. १९५६ साली कराचीस पाकिस्तानने ऑस्ट्रेलियास हरविले, त्या वेळी ते २७ धावांवर नाबाद होते. पाकिस्तानकडून त्यांचा तो एकच कसोटी सामना. नंतर त्यांनी लाहोरास १९८७ पर्यंत प्रशिक्षकाचे काम केले. १९९२ साली तेथेच त्यांचे निधन झाले.

मग त्यांना कोणाचे म्हणावे? पाथर्डीकरांना उत्तर शोधण्यास दूर जावे लागणार नाही. जत्रेच्या फडात नवा मल्ल उतरला, की आपण प्रथम विचारतो, तालीम कोणती, वस्ताद कोण? गाव मागाहून विचारतो. कसोटीत गुल महंमदांना मोठे यश लाभले नाही, दोन्ही देशांकडून मिळून एकही अर्धशतक नाही. त्यांचे खरे कर्तृत्व बडोद्याच्या मैदानावरचे आहे, आणि ते एका मराठी जोडीदाराच्या साथीने घडलेले आहे.

फाळणीने जमीन वाटली, पलटणी वाटल्या, कचेऱ्यांतील टेबलेखुर्च्यासुद्धा वाटल्या. त्या ५७७ धावांची वाटणी मात्र कोणालाही करता आली नाही. हजाऱ्यांचे नाव घ्यावयाचे, तर गुल महंमदांचे घ्यावेच लागते. इतिहास सांगताना त्यांतले एक नाव गाळण्याचा मोह आपल्याला होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.