डोली, भिंत आणि वसतिगृह : अलीगढच्या मुलींच्या शाळेची सुरुवात

मुस्लिम समाजातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहिताना ‘धर्माचा विरोध की धर्माची अनुमती’ या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहते. वास्तविक ज्ञानार्जन हे कर्तव्य आहे, याविषयी विसाव्या शतकाच्या प्रारंभी फारसा वाद नव्हता. अनेक शरीफ घराण्यांतील मुली घरीच कुरआन व उर्दू शिकत असत. वाद होता तो घराच्या उंबरठ्याबाहेर पडण्याचा. अलीगढच्या मुलींच्या शाळेची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला आधुनिक शिक्षणाचा पाया घातला, तो मुलांसाठी. १८८२ च्या हंटर आयोगापुढे त्यांनी असे मत मांडले की, आधी पुरुष शिकावेत, स्त्रियांचे शिक्षण ओघानेच येईल. त्यांच्या हयातीतच, १८९६ मध्ये, मुस्लिम शैक्षणिक परिषदेत स्त्रीशिक्षणाचा स्वतंत्र विभाग निघाला. परंतु त्याचे काम बराच काळ ठरावांपुरतेच राहिले. १९०२ मध्ये या विभागाची सूत्रे शेख अब्दुल्ला या तरुण वकिलाकडे आली. पुढल्याच वर्षी परिषदेचे अधिवेशन मुंबईत भरले. अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तेथे पर्द्याच्या अतिरेकावर स्पष्ट शब्दांत टीका केली आणि त्यावरून मोठी खळबळ उडाली.

शेख अब्दुल्लांनी वादाचा मार्ग टाळला. १९०४ मध्ये त्यांनी ‘खातून’ हे उर्दू मासिक सुरू करून लोकमत तयार केले. ऑक्टोबर १९०६ मध्ये अलीगढ शहरातील एका भाड्याच्या घरात, बोटांवर मोजता येतील इतक्या मुली घेऊन शाळा उघडली. उर्दू, कुरआन, अंकगणित आणि शिवणकाम असा साधा अभ्यासक्रम होता. भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी शाळेला आर्थिक पाठबळ दिले.

खरी अडचण रस्त्याची होती. मुली पर्देदार डोलीतून येत. त्यासाठी कहार लागत आणि त्यांची मजुरी द्यावी लागे. शिक्षिका मिळणेही कठीण होते, कारण शिकवू शकेल अशी स्त्री आधी कोणी शिकवलेलीच नव्हती. दूरगावच्या मुलींना तर या शाळेचा उपयोगच नव्हता. यावर वसतिगृह हाच उपाय होता. परंतु मुलगी परक्या छताखाली ठेवायची, ही कल्पनाच अनेकांना असह्य होती. मुलांचे कॉलेज असलेल्या गावात मुलींनी राहावे, हे कॉलेजच्या काही धुरीणांनाही रुचले नाही.

येथे निर्णायक ठरल्या त्या शेख अब्दुल्लांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम. दिल्लीच्या घराण्यात वाढलेल्या आणि घरीच शिकलेल्या या बाईंनी १९१४ मध्ये वसतिगृह उघडताच त्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. पहिल्या मुलींत त्यांच्या स्वतःच्या आणि नात्यातल्या मुली होत्या. बेगमसाहेबा मुलींबरोबरच राहत, त्यांचे खाणेपिणे, दुखणेखुपणे स्वतः पाहत. मुली त्यांना ‘आला बी’ आणि शेखसाहेबांना ‘पापा मियाँ’ म्हणत. आवाराभोवती उंच भिंत होती. परंतु पालकांनी मुली सोपवल्या त्या भिंतीपेक्षा या बाईंच्या भरवशावर.

या यशाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. पर्दा न मोडता शिक्षण देण्याची ही तडजोड होती आणि तिचा लाभ प्रामुख्याने सुस्थितीतील घरांना झाला. डोलीचा खर्च न झेपणारी कष्टकऱ्यांची मुलगी या भिंतीबाहेरच राहिली. तथापि, भिंतीआड शिकलेल्या मुली भिंतीआड राहिल्या नाहीत. अब्दुल्लांची कन्या रशीद जहाँ डॉक्टर व लेखिका झाली. १९३२ च्या ‘अंगारे’ या संग्रहात तिचे लेखन होते. इस्मत चुगताई याच शाळेच्या विद्यार्थिनी. पुढे शाळेचे महाविद्यालय झाले आणि ते आज अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा भाग आहे. वहीद जहाँ बेगम १९३९ मध्ये निवर्तल्या. शेख अब्दुल्ला १९६५ पर्यंत हयात होते.

ठराव १८९६ पासून होत होते, शाळा १९०६ मध्ये निघाली आणि ती रुजली १९१४ नंतर. या अठरा वर्षांत धर्माची शिकवण बदलली नव्हती. बदलले ते एवढेच की, मुलगी कशी जाईल, कोठे राहील आणि तिची काळजी कोण घेईल, या आईबापांच्या प्रश्नांना कोणीतरी उत्तर दिले. मुलींची शाळा सातवीनंतर का सुटते, याचा विचार करणाऱ्या संस्थांनी आजही प्रथम हेच तीन प्रश्न विचारावेत.