फसलीचं साल

मराठवाड्यातल्या मुखेड-देगलूरकडं वाटणीच्या वेळी घरातली जुनी कागदपत्रं निघाली की एखाद्या नकलेवर '1342 फसली' असं साल आढळतं. आकडा यादवांच्या पडत्या काळाजवळचा वाटतो. कागद असतो 1932-33 चा.

फसल म्हणजे पीक. मोगलांचा सरकारी हिशेब हिजरी सनावर चाले. ते वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. त्यात अधिक मास नाही. त्यामुळं 32 सुगी होईतो सनाची 33 वर्षं भरत. न पिकलेल्या वर्षाचा सारा रयतेनं कुठून भरायचा? म्हणून अकबरानं आपल्या राज्यारोहणाचा, 1556 चा, हिजरी 963 हा आकडा कायम धरला आणि पुढची मोजणी सूर्यावर नेली.

दख्खनेत फसली आली ती शहाजहानच्या काळात, 1636 मध्ये. तेव्हा हिजरी 1046 चालू होतं. इथं तोच आकडा धरला. मधल्या 80 वर्षांत हिजरी 83 नं पुढं गेलं होतं. म्हणून फसलीवरून इसवी सन काढायला उत्तरेत 593 मिळवतात, तर दख्खनेत 590.

निजामाच्या राज्यात हे साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आझूर महिन्यानं सुरू होई. पुढं दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी नावं. कारभार उर्दूत, पेरणी नक्षत्रांवर आणि साऱ्याची पावती फसलीत, असं तिहेरी गणित मराठवाड्यानं सांभाळलं. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907 चा. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शननं निजामी राजवट संपली, तरी ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द करणाऱ्या विनियमावर साल पडलं 1358 फसलीच.

गावातली म्हातारी माणसं मात्र आकड्यांत अडकली नाहीत. 'रझाकाराच्या टायमाला', 'पोलीस ॲक्शनच्या साली' एवढ्यावर त्यांचं भागे. आकडा लागे तो तहसिलीत.

तिथं आजही सावध राहावं. ऑक्टोबर ते डिसेंबरची नोंद असेल तर 590 मिळवायचे. जानेवारी उजाडला की 591. नाहीतर फेरफार वर्षभर मागं जातो आणि वारसाचं भांडण उभं राहतं. महाराष्ट्रात फसलीचा आकडा आता सरकारी कागदावर पडत नाही, पण इथलं महसुली वर्ष अजून जानेवारीला जुमानत नाही. ते 1 ऑगस्टला, खरीप रानात उभा असताना सुरू होतं.