किसांगानीचे सहा दिवस

जून २००० मध्ये आपल्याकडचे पेपर भरले होते ते हॅन्सी क्रोनिए आणि मॅच-फिक्सिंगने. त्याच महिन्यात, ५ ते १० जून, काँगो नदीकाठच्या किसांगानी शहरात दोन सैन्यं एकमेकांवर तोफा डागत होती. गंमत (गंमत कसली म्हणा!) अशी की यातलं एकही सैन्य काँगोचं नव्हतं. एक रवांडाचं, दुसरं युगांडाचं. १९९८ साली दोघं काँगोत घुसले ते तिथलं सरकार पाडायला. मग हिऱ्यांच्या व्यापाराचं हे शहर कोणाच्या ताब्यात राहणार यावरून त्यांच्यातच जुंपली. सहा दिवसांत हजारो तोफगोळे पडले, शेकडो साधी माणसं मेली. भांडण दोघांचं, घर तिसऱ्याचं.

तुम्ही किसांगानीचं नाव आधी ऐकलं होतंत? कोसोवोचं मात्र नक्की ऐकलं असेल. तिथे १९९९ मध्ये नाटोने ७८ दिवस बॉम्बफेक केली आणि जगाने ती घरबसल्या पाहिली. कोसोवोच्या युद्धात साधारण तेरा हजार माणसं गेली. काँगोत १९९८ ते २००७ या काळात युद्धामुळे ५४ लाख जादा मृत्यू झाले, असा इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीचा अंदाज. या आकड्यावर तज्ज्ञांचे वाद आहेत. पण अगदी निम्मा धरा, पाव धरा, तरी तुलना होत नाही.

आता, कोसोवोकडे लोकांनी कमी बघायला हवं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्रश्न असा की काँगो का दिसलं नाही? एक तर तिथली बहुतेक माणसं गोळीने मेली नाहीत. गाव सोडून जंगलात पळाली आणि मलेरियाने, जुलाबाने, उपासमारीने गेली. याचा फोटो कसा काढणार? दुसरं, सात-आठ देशांची सैन्यं आणि डझनावारी टोळ्या. यात खलनायक कोण, हे दोन मिनिटांच्या बातमीत सांगता येत नाही. आणि तिसरं, कुठल्याच बड्या देशाचे सैनिक तिथे लढत नव्हते.

बरं, न दिसल्याने बिघडलं काय? बरंच. आमच्या धंद्यात ज्या एररचा लॉग नाही, तो बग 'कॅननॉट रिप्रोड्यूस' लिहून बंद करतात. इथेही तसंच. युगोस्लाव्हियासाठी सुरक्षा परिषदेने युद्ध चालू असतानाच, १९९३ मध्ये, खास न्यायाधिकरण नेमलं. काँगोसाठी तसं काही झालं नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा अधिकार सुरू होतो १ जुलै २००२ पासून, म्हणजे किसांगानी दोन वर्षांनी हुकलं. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ ते २००३ मधल्या ६१७ गंभीर घटनांची नोंद केली, पण तो अहवाल आला २०१० साली.

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०२२ मध्ये युगांडाला ३२.५ कोटी डॉलर्स भरपाई द्यायला लावली, हे खरं. रवांडाविरुद्धचा खटला मात्र २००६ मध्येच 'आम्हाला अधिकार नाही' म्हणून निकालात निघाला होता. आणि तोफा डागण्याचा हुकूम देणाऱ्या एकाही सेनापतीला त्या सहा दिवसांसाठी आंतरराष्ट्रीय कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

असो. जानेवारी २०२५ मध्ये रवांडाच्या पाठिंब्यावर एम२३ बंडखोरांनी गोमा शहर घेतलं. ती बातमी तुमच्या पेपरात कितव्या पानावर होती, आठवून बघा.