माजी सैनिक, रेल्वे सुरक्षा दल आणि बडतर्फीविरुद्ध अपिलाचा हक्क : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : इ.स. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत व १८५४ मध्ये कल्याणपर्यंत रेल्वे पोहोचली आणि या परिसरात रेल्वेच्या नोकरीवर जगणारा मोठा वर्ग निर्माण झाला. पुढे केंद्र शासनाच्या १९७९ च्या नियमांनी माजी सैनिकांसाठी नागरी सेवांमध्ये व निमलष्करी दलांमध्ये राखीव जागा ठेवल्या. मात्र नोकरीत प्रवेश देताना मिळालेले हे प्राधान्य नोकरी जाताना उपयोगी पडते काय, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

कायद्याची वाटचाल : राज्यघटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण लष्करी सेवेतील सैनिकास नाही. रेल्वे सुरक्षा दल अधिनियम, १९५७ च्या कलम ९ ने मात्र दलातील बडतर्फी या अनुच्छेदाच्या अधीन ठेवली व तीस दिवसांत विभागीय अपील करण्याचा हक्क दिला. म्हणजेच गणवेश बदलताच माजी सैनिकास नवे संरक्षण लाभले.

१९८५ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी हे दल संघराज्याचे सशस्त्र दल म्हणून घोषित झाले. त्याच वर्षीच्या प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियमाने सशस्त्र दलांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. परिणामी कल्याण स्थानकातील रेल्वे लिपिक केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, तर लोहमार्ग पोलीस १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. सुरक्षा दलाच्या जवानास मात्र विभागीय अपिलानंतर थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरणही त्याच्या पूर्वीच्या सैनिकी सेवेपुरतेच आहे.

विभागीय अपिलाचे महत्त्व : रिट अधिकारितेत उच्च न्यायालय पुराव्याचे फेरमूल्यमापन सहसा करीत नाही. त्यामुळे वस्तुस्थितीची व शिक्षेच्या प्रमाणाची पुन्हा छाननी होण्याची प्रमुख जागा म्हणजे विभागीय अपील. १९८५ च्याच तुलसीराम पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीतील चौकशीविना बडतर्फी वैध ठरविली. तथापि अशा कर्मचाऱ्यास विभागीय अपिलात बाजू मांडण्याचा मार्ग खुला ठेवला.

समारोप : अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांना भरतीतील प्राधान्याबरोबरच बडतर्फीविरुद्ध अपिलाचा हक्कही दिला. भारतात हा हक्क व्यक्तीच्या पूर्वसेवेवर नव्हे, तर धारण केलेल्या पदावर अवलंबून राहिला. म्हणूनच तीस दिवसांची ती मुदत जवानाच्या दृष्टीने केवळ औपचारिकता नसून उपजीविकेचा प्रश्न ठरते.